न सादळलेला गांजा

रखमाजीचा हात तांदळाच्या टाकीत कोपरापर्यंत गेला, तरी तळ लागेना. वाकायला पोट आणि कमरेची चंची, दोन्ही आड येत होती. तंबाखूची चंची त्यानं सोडून चुलीशेजारी ठेवली. पोटाचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

भावजयीच्या चुलीपर्यंत दिरानं जाऊ नये, थोरल्यानं तर मुळीच नाही. पण रत्ना शेरडांमागं गेली होती, आणि पाली गावाच्या वरच्या, गडाखालच्या त्या वाडीत बघायला होतं कोण?

तळाशी बोटं काचेला लागली. फडक्यात गुंडाळलेली बरणी वर आली. झाकण उघडलं तसा असा वास सुटला की मेलेला माणूस उठून बसावा.

गांजा. हिरवा, चिकट, बोटाला धरणारा.

रखमाजी स्वतः तंबाखूवाला, पण धाकटा भाऊ हैबती अट्टल गांजेकस, त्यामुळं त्याला त्यातलं कळत होतं. हैबती म्हणायचा, उजेड लागला की गांजा मेला, वारा लागला की मेला, ओल लागली तर बुरशीनं कुजला. बरणीत घट्ट बंद करून अंधारात ठेवला, तर कसाबसा एक पावसाळा काढतो. दुसऱ्यात वास उडतो आणि हाताला नुसता तपकिरी चुरा लागतो. वेल्ह्याच्या पावसात डब्यातले पापड सादळतात, तिथं गांजाची काय कथा!

आणि हैबतीला घर सोडून दोन पावसाळे झाले होते. बैराग्यांच्या मागं गेला, असं रत्ना सांगायची. कुंकू मात्र रोज ठसठशीत लावायची. तिला स्वतःला गांजाच्या वासाचा इतका तिटकारा, की नवऱ्याला ती ओट्यावर झोपवी. मग हा ताजा माल कुणासाठी?

रखमाजीला हसू फुटलं. बेटा इथंच आहे कुठंतरी, आणि ही त्याला लपवतेय.

लपवायला कारणही होतं. वरचा माळ दोघा भावांच्या नावावर. शिवरे गावचा एक हॉटेलवाला गडावर येणाऱ्यांसाठी तिथं तंबू ठोकणार होता. हैबतीनं एका चिलमीसाठी कुठंही अंगठा उठवला असता, पण रत्नाची शेरडं त्याच माळावर जगत होती. आता हैबती नाही म्हणून अंगठा नाही, आणि अंगठा नाही म्हणून विक्री नाही. तो माळ रखमाजीच्या घशात अडकून बसला होता.

"टाकीत काय हुडकताय, भावजी?"

रत्ना दारात उभी होती. डोक्यावर पाल्याचा भारा, हातात कोयता. दिरापुढं घ्यायचा पदर तिनं घेतला नाही.

"ह्ये." त्यानं बरणी नाचवली. "कुठं हाय त्यो?"

"कोन?"

"गांजा ताजा हाय, रत्ने. तुजा दादला हितं येतोय, न्हाईतर तू तिकडं जातीयास."

ती बरणीकडं बघत राहिली. "झाकान लावा. वारं लागंल त्येला."

"पोलिसास्नी दावू का? जलमभर खडी फोडशील."

"दावा की." तिनं भारा खाली टाकला. "पर उद्या सर्वपित्री हाय. परवा दावा. उद्याचा दिस तेवढा ऱ्हाऊ द्या."

"का? त्येला पळवाया?"

"तुमी मोठं. तुमी म्हनाल तसं."

इतकं नरम ती कधी बोलली नव्हती. चोराच्या मनात चांदणं, असं मनाशी म्हणत रखमाजी ताठ मानेनं बाहेर पडला. ओढा ओलांडताना कमरेला हात गेला आणि चंची आठवली. परत जायचं म्हणजे सगळा ताठा उतरायचा. त्यानं बायकोच्या मिश्रीवर भागवलं आणि तिच्या शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी बायकोनं, अक्काबाईनं, कौलांवर सासऱ्याचं पान ठेवलं. भात, वडा, खीर आणि कडेला विड्यांचा कट्टा. मेलेल्याच्या आवडीची वस्तू पानावर नसेल तर कावळा शिवत नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"हाक मारा की बापाला," ती म्हणाली.

रखमाजीचं लक्ष नव्हतं. समोरच्या चढावर रत्ना डोक्यावर झाकलेली पाटी घेऊन माळाकडं निघाली होती.

"बघ, भाकरी पोचवाया चाल्ली." त्यानं अंगठ्याच्या शाईचा पॅड खिशात कोंबला.

"जेवून तरी जावा!"

"आल्यावं जेवतो. हैबत्याला घिऊनच येतो."

गवत मांडीएवढं वाढलेलं आणि निसरडं. रत्नानं एकदाही मागं पाहिलं नाही. अधूनमधून थांबून ती पाटी सावरायची, आणि रखमाजीचा दम परत आला की पुन्हा चालू लागायची. कड्याजवळच्या हिरड्याआड ती दिसेनाशी झाली.

"हैबत्या!" तो ओरडला. "भाईर ये! किती दिस बायकूच्या पदराआड बसशील?"

गांजाचा वास आला, कालचाच. शाईचा पॅड हातात काढून तो झाडामागं वळला.

चिलीम होती. भरलेली, पण पेटवलेली नव्हती. केळीच्या पानावर, भात आणि वड्याच्या कडेला ती ठेवली होती, आणि पान मांडलं होतं माणसाच्या लांबीच्या दगडांच्या ढिगापुढं.

दोन वर्षं ज्याला रखमाजी जिवंत समजून शिव्या घालत होता, तो भाऊ इथं होता. माळ, हॉटेलवाला, अंगठा, सगळं एकदम मनातून गेलं, आणि त्याला रडू आलं.

पाठीमागं ओलं गवत दबल्याचा आवाज झाला. त्याला वळायचं होतं, पण नजर ढिगाच्या पलीकडं गेली होती. तिथं नुकताच खणलेला एक खड्डा होता, आणि खड्ड्यापुढं दुसरं पान वाढलेलं होतं.

त्या पानाच्या कडेला त्याची चंची ठेवली होती.