पहिला डोस

बारा वर्षं प्रयोगशाळेत हाडाची काडं केल्यावर तिचं औषध लागू पडलं. निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसून दुरुस्त जनुक स्नायूंत पोहोचलं आणि अंथरुणाला खिळलेली मुलं भिंतीला धरून उभी राहिली.

धाकट्या भावाने व्हीलचेअर तिच्या टेबलाशी आणली. "ताई, आता माझा नंबर ना?"

तिने त्याच्या रक्ताचा रिपोर्ट पालथा ठेवला. "तुझं शरीर या विषाणूला ओळखतं. औषध आत टिकूच देणार नाही."

"ओळख कधी झाली आमची?"

"सहा वर्षांपूर्वी. पहिल्या चाचणीत थोडासा डोस दिला होता तुला. त्याने गुण आला नाही, पण शरीराने विषाणू लक्षात ठेवला."

तो म्हणाला, "तुझा काय दोष? मीच हौसेने पुढे झालो होतो."

खरं तर तो नको नको म्हणत होता. त्याने संमतीपत्रावर सही करेपर्यंत तीच त्याच्या मागे लागली होती.