ओवाळण्याआधी एक प्रश्न

"साहेब, आज तुम्ही नेमक्या कोणत्या पक्षात आहात?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून ऋजुताने ओवाळायचं ताट हातात धरून अगदी टेचात विचारलं. नवे आमदार गुलालाने माखून तिच्याच अंगणात पाटावर बसले होते. आत टीव्हीवर विधानसभेचे पक्षनिहाय आकडे हलत होते. बहुमत कुणालाच नव्हतं.

"पोरी, कोणाच्या किती जागा येतात ते बघू, मग सांगतो!" आमदार फिदीफिदी हसले.

सगळं अंगण हसलं. सर्वांत मोठ्याने हसले बाबा, साहेबांचे एकनिष्ठ कार्यकर्ते. महिनाभर बाबांबरोबर ऋजुताही दारोदार हिंडली होती. "तू म्हणतेस ना, मग तुझ्याच पक्षाला मत," असं शेजारच्या गोदाकाकूंनी तिचा गाल कुरवाळून सांगितलं होतं. पाटावरचा हा गुलाबी भोपळा मात्र आता गिऱ्हाईक शोधत होता!

"अगं, ओवाळ ना, वात विझेल," आई कुजबुजली.

"विझू दे." ऋजुताने ताट खाली ठेवलं. "आई, बाबा, मी यांना ओवाळणार नाही. आणि ज्या घरी मत मागितलं, त्या प्रत्येक घरी उद्या माफी मागायला जाणार आहे."