वाट्याची साखर

चहाचा ट्रे घेऊन सेटवर आलेली एडिथ जागीच थबकली. शेकोटीजवळची, नवऱ्याच्या पाइपच्या ठिणगीनं डागलेली ती हिरवी खुर्ची तिच्याच घरातली होती. दुसरं महायुद्ध संपलं आणि त्याची गिरणी बुडाली, घरदार लिलावात गेलं, त्या धसक्यानं तोही गेला. आता लंडनच्या या स्टुडिओत ती चहा द्यायची.

सिनेमाही दिवाळं निघालेल्या घराचाच होता. बापाचं काम करणारा नट त्या खुर्चीत डोकं धरून बसला होता. तिनं कप पुढं केला.

"बाई, साखर अजून रेशनवर असताना एवढा गोड चहा?" एक घोट घेऊन तो हसला. "कुणाच्या वाट्याची घातलीत?"

"माझ्या." एडिथचं बोट त्या डागावर टेकलं. "रेशन लागल्यापासून या खुर्चीतल्या माणसाला मी माझीच साखर घालत आले, साहेब. आजही हात आपसूक वळला."