थांबाताई गेल्यावर

"एकच नाव सांगा," मॅडम म्हणाल्या. "कोणामुळे अडतंय?"

टीमप्रमुख पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिला. खरं उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं. मॅडमची ही कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची, आणि त्यात त्याची टीम सगळ्यांत मागे पडली होती ती त्याच्याच जिभेमुळे. ग्राहकाने काही मागायचा अवकाश, टीमला न विचारता हा 'होऊन जाईल' म्हणून मोकळा. आज एक काम काढायचं, दोन दिवसांनी ते तसंच टाकून दुसरं धरायचं. पोरांचा जीव मेटाकुटीला यायचा आणि तडीला काहीच जायचं नाही. कंपनी एका खोलीत होती तेव्हा हे खपून गेलं. आता दोन मजले भरले होते. शेजारची टीम केव्हाच पुढे निघून गेली होती.

"टेस्टरबाई," तो म्हणाला. "प्रत्येक गोष्ट अडवून धरतात."

बोलला, आणि त्याची त्यालाच किळस आली. पण शब्द परत घेतला नाही.

टेस्टरबाईंना सगळे थांबाताई म्हणायचे. काम बाहेर पाठवायची घाई झाली की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या. "थांबा रे, एकदा बघू द्या. डॉक्टर शिव्या घालतील तेव्हा फोनवर तुम्ही नसता, मी असते." त्यांनी वेळेत पकडलेल्या चुकांमुळे प्रमुखाची अब्रू किती वेळा वाचली होती, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

त्या आठवड्यातच ताईंची नोकरी गेली. टीमला त्याने एवढंच सांगितलं, "वरचा निर्णय आहे." लंबू नावाप्रमाणेच उंच, टीममधला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत भांडखोर. तो ताडकन उभा राहिला, काहीतरी बोलणार होता, पण ताईंनीच त्याचा हात धरून खाली बसवलं. निघताना त्या प्रमुखाच्या केबिनमध्ये डोकावल्या.

"पोरांना सांभाळा," म्हणाल्या, आणि गेल्या.

प्रमुखाला वाटलं होतं, आता सगळे तोंडं पाडून बसतील. घडलं भलतंच. टीमने कंबर कसली. सकाळच्या बैठकीतली वादावादी संपली. लंबू ज्या गोष्टीवर तासभर हुज्जत घालायचा, तिला आता नुसतं "करतो, सर" म्हणायला लागला. एकच अट त्याने घातली होती.

"नवीन काही घेऊ नका, सर. हातातलं आधी संपवू."

प्रमुखाने ऐकलं. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. त्याला आता लंबूच्या नजरेला नजर देता येत नव्हती म्हणून. ग्राहकांना तो पहिल्यांदाच 'सध्या जमणार नाही' म्हणाला. आभाळ काही कोसळलं नाही.

रखडलेली कामं एकामागून एक मार्गी लागली. काय कसं बनवलंय ते लिहून ठेवा, म्हणून त्याने वर्षभर डोकं फोडलं होतं. आता न सांगता पानंच्या पानं लिहून झाली. एकमेकांचं काम एकमेकांना समजावून झालं. टेबलांवरचा पसारासुद्धा गेला. शेजारच्या टीमचा प्रमुख येऊन विचारून गेला, "काय जादू केलीस रे?"

मग मॅडमनी दोन्ही मजल्यांवरच्या माणसांना एकत्र बोलावलं.

"याला म्हणतात वेग," त्या म्हणाल्या. "एक योग्य निर्णय घेतला, आणि गाडी रुळावर आली."

टाळ्या वाजल्या. त्याच्या टीममधले पाचही जण टाळ्या वाजवत होते, त्याच्याकडे बघून हसत होते. प्रमुखाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी बायकोने चहा पुढे ठेवला. "कौतुक झालं म्हणालास ना? मग चेहरा असा का, कोणी मुस्काटात मारल्यासारखा?"

त्याने सगळं सांगितलं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्यांना जाऊन सांग."

रविवारी सकाळी तो ताईंच्या घरी गेला. दार ताईंनीच उघडलं. बाहेरच्या खोलीतला सोफा भिंतीला सरकवलेला होता, आणि मधोमध प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली नवी टेबलं होती. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"ताई, तुमचं नाव मीच दिलं होतं."

"माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मॅडमनी काढतानाच सांगितलं. पोरांना मात्र मी बोलले नाही."

"चूक तुमची नव्हती, माझी होती. उद्या मॅडमना खरं काय ते सांगतो. तुम्ही परत या."

"नको, सर. मी माझं स्वतःचं सुरू करतेय. लहानसंच आहे, पण पहिलं काम मिळालंय."

त्याला जरा हायसं वाटलं. निदान त्यांचं वाटोळं तरी झालं नव्हतं. "फार बरं झालं," तो म्हणाला. "आणि टीमचीही काळजी करू नका. इतकी झपाट्याने कामं उरकतायत, तुम्ही बघायला हवं होतं."

ताई चमकल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसत राहिल्या.

"ते अजून बोलले नाहीत तुमच्याशी?"

"कशाबद्दल?"

"पाचही जण माझ्याकडे येतायत, सर. उद्या राजीनामे देतील. मी म्हटलं होतं, लगेच या. पण लंबू ऐकेना. म्हणाला, 'आधी सरांचं सगळं काम पुरं करून देऊ. तुमच्यासाठी वर कोणी भांडलं असेल, तर ते एकटे सरच.'"