आईचा डोह

हवाई बेटांवरच्या हाना गावाला जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर धबधबा दिसला की कलेओ गाडी थांबवायचा. "ताई, पाणी बघ कसलं नितळ आहे! इथेच पोहू, इथेच माळ सोडू आणि मागे फिरू."

"म्हातारा झालास की काय रे?" पुआलानी हसली. "आईच्या आठवणीची माळ आईच्याच डोहात. दरवर्षीसारखी. चल, काढ गाडी."

मग तो केळ्याचा ब्रेड घ्यायला थांबला. मग टायर बघायला थांबला.

डोहाच्या वाटेपाशी पोहोचले, तर आईने दोघांसाठी मागे ठेवलेल्या जमिनीच्या तोंडाशीच नवंकोरं लोखंडी फाटक. पुआलानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आपल्या जागेत फाटक? कोणाची ही हिंमत?"

"मला काय माहीत? मी तर वर्षभरात इकडे फिरकलोच नाही."

माळ गळ्यात अडकवून ती फाटकावर चढू लागली, तोच आतून एक दांडगा कुत्रा भुंकत धावून आला. ती घाबरून खाली उतरली.

कुत्र्याची नजर कलेओकडे गेली. भुंकणं थांबलं. शेपूट हलवत त्याने गजांतून तोंड बाहेर काढलं आणि सवयीने कलेओचा खिसा हुंगू लागला.