मोकळे हात

भिकाजी शिंप्याच्या बायकोला, शेवंतीला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची, आणि बोलू लागली की दोन्ही हात नुसते नाचायचे. घरापासून दुकानापर्यंतची अर्ध्या तासाची वाट दोघं अशी गप्पांत संपवत. पावसाळ्यात मात्र तिचा एक हात छत्रीत अडकायचा आणि चार महिने बोलणंच बंद.

यंदा भिकाजीने मनावर घेतलं. जाड कॅनव्हासचा पट्टा शिवला. त्याला कमरेशी छत्रीची मूठ बसेल असा खिसा, खांद्यावर दांडा धरणारा फास. दोनदा वाऱ्याने छत्री कलंडली. तिसऱ्यांदा त्याने पाठीवरून आडवा पट्टा घेतला, तेव्हा कुठे ती ताठ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी धो धो पावसात शेवंतीने छत्रीवरचा हात हळूच सोडला. क्षणभर थबकली. मग जी सुरू झाली! शेजारणीची नवी सून, कालची बिघडलेली आमटी, त्याच्या घोरण्याने रात्रभर हादरणारी खाट... भिकाजीला हसताना स्वतःची छत्री सावरायचं भान राहिलं नाही.

"अरे, वैनीच्या कमरेक ह्या काय बांधलंस?" चहावाल्याने टपरीतून विचारलं.

"बोलूक हात मोकळे करून दिलंय तिका!" भिकाजी भिजत ओरडला.

दुकान आलं. त्याने किल्ली काढली, पण शेवंतीचं माहेरपुराण आता कुठे रंगात आलं होतं. त्याने किल्ली परत खिशात टाकली आणि दोघं तशीच पुढे तळ्याकडे चालू लागली.