बुजवलेलं भोक

मिस्त्रींच्या लेकीने गाडीच्या सीटमागचा गालिचा ओढला तसं गढूळ पाणी पचकन त्यांच्या चपलांवर आलं.

"मासे पाळले होते की काय, काकू?" लेक हसली. "खालचा पत्रा तर पार गंजलाय."

काकू, म्हणजे गाडीवाल्या साहेबांची बायको, गॅरेजच्या दाराशी उभी होती. साहेब जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून ही दोन सीटची, कापडी छताची जुनी गाडी उघड्यावरच होती आणि आता तिला कुबट वास मारत होता.

लेक टॉर्च घेऊन सीटमागे निम्मी आत शिरली. "सापडलं! छतावरून ओघळलेलं पाणी खाली जायला इथे भोक असतं. कोण्या दीडशहाण्याने फटी बुजवायचं सीलंट भरून तेच बुजवलंय. पाणी जाणार कुठे? आतच मुरलं. वर अंगठ्याने दाबून बसवलंय बघा, बाबा, काय हौस!"

मिस्त्री वाकले. वाळून दगड झालेल्या काळ्या सीलंटवर अंगठ्याचा ठसा होता. ठशाच्या मधोमध आडवी चीर. लहानपणी पत्र्याने कापलेला आपला अंगठा त्यांनी मुठीत दडवला.

"पण मिस्त्री," काकू म्हणाली, "तुम्ही तर सांगितलं होतंत, यांनाच छत नीट लावता येत नाही म्हणून आत पाणी येतं. चार गिऱ्हाइकांसमोर."

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिले.

"हे घरी येऊन शपथेवर सांगायचे, मी छताच्या कड्या दोनदा तपासतो गं. मी म्हणायची, ज्याचा जन्म गाड्यांखाली गेला तो माणूस उगाच बोलेल का? शेवटी त्यांनी छत उघडणंच सोडलं. अकरा वर्षं." ती गाडीकडे न बघता बोलत होती. "दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा म्हणाले, एकदा छत उघडून चक्कर मारू. मी म्हटलं, नको बाई, तुम्हाला लावता येत नाही ते."

लेकीने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सीलंट उकरायला सुरुवात केली. "ज्याने हे केलं ना, त्याला इथे आणून उभा केला पाहिजे."

आणखी दोनदा खरवडलं असतं तर ठसा गेला असता. कोणाला काही कळलं नसतं.

"थांब," मिस्त्री म्हणाले.

 त्यांनी मूठ उघडली, हात आत घातला आणि अंगठा त्या ठशावर ठेवला. चिरेवर चीर बसली.

"साहेबांचं काही चुकलं नव्हतं, वहिनी."

लेकीच्या हातातला टॉर्च खाली झुकला. ती बापाच्या तोंडाकडे बघेना.

काकू दारातून पुढे आली. तिने गाडीचं दार उघडलं आणि आत बसली. आपल्या नेहमीच्या जागी, स्टीअरिंगच्या शेजारी.

"छत उघडा."

मिस्त्रींनी पुढच्या दोन्ही कड्या सोडल्या, छत दोन्ही हातांनी वर उचललं. अकरा वर्षं न दुमडलेलं कापड कडक झालं होतं. ते अर्ध्यावरच अडलं. घडीच्या रेषेवर बारीक करकर ऐकू आली.

"बाबा, फाटेल ते," लेक हळूच म्हणाली.

मिस्त्री हात वर करून तसेच उभे राहिले. मागे लोटवेना, खाली सोडवेना.

"फाटू दे," शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत काकू म्हणाली.